लांडग्याचा कान

३ मार्च, रविवार

पोटऱ्यांत गोळे आले आहेत, उजव्या तळव्याला फोड आला आहे आणि हे लिहिताना माझ्या डोक्यावर पिवळी, गोंड्याची लोकरीची टोपी आहे. ती घालूनच जेवलो. वाढताना हिने हसू आवरण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

त्याचं असं झालं. हिचा धाकटा भाऊ बाबू गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर गोल्फ खेळायला जातो. सत्तरी उलटली, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी घरात तो बाबूच. आयुष्यभर मोटारींचं गॅरेज चालवलं. आता ते बंद करून त्याच्याच वरच्या दोन खोल्यांत एकटा राहतो. त्यांच्या चौकडीतले बँकवाले साहेब मुलीकडे कायमचे राहायला गेले आणि जाताना आपली काठ्यांची पिशवी बाबूच्या गळ्यात मारून गेले. चौथ्यावाचून यांचा खेळ अडला. बुधवारी बाबू आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "दाजी, रविवारी तयार राहा."

"अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"छत्री धरता येते ना? तशीच धरायची. फक्त पाऊस नसताना."

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "जा की! विमा कचेरीतून सुटल्यापासून खिडकीशी बसून शाळेतल्या कविता म्हणताय. खिडकीला पाठ झाल्या एव्हाना."

म्हणून गेलो. दवाने बूट ओले झाले, आणि तेवढ्यावरून मला शाळेच्या मागचं गवत आठवलं. बाकी दोघे म्हणजे दातांचे डॉक्टर, जे बोलताना समोरच्याच्या तोंडात पाहतात, आणि हेडबाई. त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. भेटताक्षणी मला म्हणाल्या, "पाठ सरळ करा."

खेळाचं नाव 'लांडगा'. प्रत्येक होलला पाळीपाळीने एक जण लांडगा होतो. बाकीचे तिघे एकामागून एक पहिला फटका मारतात. फटका पाहून, पुढच्याने काठी उचलायच्या आत, लांडग्याने ठरवायचं की हा जोडीदार हवा की नको. हवा असेल तर मोठ्याने 'घेतला' म्हणायचं. एकदा सोडलेला परत मिळत नाही. कुणालाच घेतलं नाही तर लांडगा एकटा, तिघांविरुद्ध. कमी फटक्यांत चेंडू होलात, म्हणजे खड्ड्यात, घालेल त्या बाजूला गुण. पैसे लावत नाहीत, कारण हरल्यावर डॉक्टर आठवडाभर रडतात. सर्वांत कमी गुण त्याच्या डोक्यावर टोपी, झोपेपर्यंत.

मला कुणी घेईना. शाळेत संघ पाडताना मी शेवटपर्यंत भिंतीशी उरायचो, तोच गारवा पाठीला लागला. सातव्या होलला बाबू लांडगा होता. मी वैतागून नेमबिम सोडला आणि मनात भुजंगप्रयात धरला. आमचे गुरुजी मेजावर पट्टी आपटून म्हणून घेत, लगागा लगागा लगागा लगागा. पहिल्या लगागाला काठी मागे, दुसऱ्याला वर, तिसऱ्याला खाली. असा काही टणक, गोड आवाज आला की मीच दचकलो.

"घेतला!" बाबू ओरडला. चेंडू अजून हवेत होता.

"अरे, पडू तर दे," डॉक्टर म्हणाले.

"पडेल. दाजी, सांगा, कसा गेला?"

मला त्या क्षणी ओळ सुचली ती म्हणून दाखवली. "निळ्या अंबरी शुभ्र चेंडू उडाला!"

"ते झालं. पडला कुठं?"

"त्या एकट्या झाडाच्या अलीकडे, उजव्या हाताला."

त्यानंतर प्रत्येक चेंडूचं वर्णन त्याने मला विचारलं, स्वतःच्यासुद्धा. इतक्या वर्षांत माझ्या तोंडचं वर्णन कुणी मागून घेतल्याचं मला आठवत नाही. बाबूत एवढा रसिक दडला असेल, असं वाटलं नव्हतं.

५ मार्च, मंगळवार

बोळात छत्री घेऊन सराव केला. लगागा. दिव्याची काच फुटली. ही म्हणाली, "वृत्त बदला. एखादं सावकाश चालणारं घ्या."

ओळीला जोड सुचत नाही. उडाला, बुडाला, दडाला. छे.

१० मार्च, रविवार

टोपी डॉक्टरांना! मी तिसरा.

आज हसून हसून पोट दुखलं ते आधी लिहितो. जाता-येता आम्ही चौघे बाबूच्या गाडीतून जातो. गाडी जुनी, पण त्याने अशी राखली आहे की इंजिन मांजरासारखं गुरगुरतं. पूर्वी तो वाऱ्यासारखा चालवायचा, आता वयाने शहाणपण आलं आहे. दुधाची गाडी दिसली की तिच्या मागे मागे, तिच्याच चालीने. "घाई कुणाला आहे, दाजी?" म्हणतो. तर आज चौकाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला कचऱ्याची उंच कुंडी होती. बाबूने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्या कुंडीला अदबीने म्हणाला, "जा बाई, तुम्ही आधी जा."

 मग मी असा फुटलो की चष्मा पुसावा लागला. डॉक्टर हसले, हेडबाई हसल्या, बाबूही हसला. काय टायमिंग! एवढा गंभीर चेहरा ठेवून विनोद करायचा म्हणजे सोपं नाही.

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. हसली नाही. म्हणाली, "आधी कोण हसलं?"

"मी."

"आणि बाबू?"

"आमच्यानंतर. अगं, सांगणारा कधी आधी हसतो का?"

ही पुन्हा भाजी निवडायला लागली. हिला विनोद समजावून सांगावे लागतात, हे लग्नापासूनचं आहे.

आता खरी गंमत. बाबू लांडगा झाला की चुकत नाही. कधीच. चेंडू हवेत असतानाच 'घेतला' म्हणतो किंवा गप्प राहतो, आणि तो गप्प राहिला की समजावं, चेंडू झुडपात. त्याचे स्वतःचे फटके काही खास नाहीत, गुण मिळवतो ते सगळे जोडीदाराच्या निवडीवर. हे त्याला जमतं कसं? वाऱ्यावरून? मारणाऱ्याच्या खांद्यावरून? अलीकडे त्याला एक ढब आली आहे. माणसाकडे सरळ पाहत नाही, कोंबडीसारखी मान तिरकी करून पाहतो. त्या तिरक्या नजरेत काही गुपित असावं. पुढच्या रविवारी चेंडूकडे न पाहता मी बाबूकडे पाहणार आहे.

१७ मार्च, रविवार

सापडलं!

आज पहिल्या होलपासून बाबूवर लक्ष ठेवलं. दुसऱ्या होलला तो लांडगा. हेडबाई मारायला उभ्या राहिल्या, आणि बाबूने डोळे मिटले. चक्क मिटले. काठी चेंडूला लागली, त्याच्या भुवया किंचित वर गेल्या आणि त्याने डोळे उघडायच्या आत म्हटलं, "घेतली!"

मी त्याला झाडामागे गाठलं. "बाबू, तू कानाने निवडतोस!"

तो दचकला. मग त्याने तिरकी मान केली आणि हसला. "कुणाला सांगू नका, दाजी. चेंडू मधोमध लागला तर एक आवाज, टोकाला लागला तर दुसरा. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मी इंजिन ऐकून सांगायचो. गिऱ्हाइकं खोटं बोलतात, इंजिन नाही."

केवढा आनंद झाला मला! म्हणजे हे वृत्तासारखंच की. ओळ चुकली की अर्थ कळायच्या आधी कानाला कळतं. पुढच्या तीन होलांना मीही डोळे मिटून ऐकलं. डॉक्टरांचा फटका कोरडा लागतो, चमचा पेल्यावर आपटावा तसा. हेडबाईंचा ठाम, दार लावल्यासारखा. माझा चांगला लागला तर नारळ फुटल्यासारखा आणि वाईट लागला तर नुसताच लागल्यासारखा.

आणखी एक. हिरवळीवर, जिथे चेंडू हलकेच होलाकडे ढकलायचा असतो तिथे, मी त्याचा जोडीदार असलो की बाबू म्हणतो, "दाजी, होलात काठी वाजवा जरा." मी काठीचं टोक होलात बसवलेल्या भांड्यात टकटक वाजवतो आणि तो त्या टकटकीकडे चेंडू सोडतो. शकुन आहे म्हणे. असतो एकेकाचा.

एवढी मौजेची गोष्ट पोटात राहीना. परतताना चहाच्या टपरीवर बाबू गाडीची काच पुसत होता तेव्हा डॉक्टरांना सांगून टाकली. डॉक्टर चहा ढवळायचे थांबले. "कानाने? म्हणजे बघतच नाही?"

"बघायची गरजच काय त्याला!" मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले आणि बाबूच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. आज टोपी पुन्हा त्यांनाच होती. पण गोंड्याखालचा चेहरा काही केल्या हसेना.

२४ मार्च, रविवार

आजचा दिवस बिघडला. का बिघडला ते नीट कळत नाही.

चौथ्या होलला बाबू लांडगा. डॉक्टर मारायला गेले. पण मैदानाच्या मध्याकडे न वळता ते चांगलेच डावीकडे तोंड करून उभे राहिले. मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. फटका सुरेख बसला, चमचा पेल्यावर. चेंडू डाव्या कुंपणावरून पलीकडच्या उंच गवतात गेला. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"घेतला!" बाबू खूश होऊन म्हणाला. "सरळ, मधोमध! डॉक्टर, आज दात घासून आलास वाटतं."

कुणीच हसलं नाही. वाऱ्याने निशाण फडफडलं तेवढंच. हेडबाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टर काठीकडे बघत उभे राहिले, जणू ती दुसऱ्या कुणी त्यांच्या हातात दिली होती.

"काय झालं?" बाबूने विचारलं. त्याने मान तिरकी करून एकेकाकडे पाहिलं. "दाजी, कसा गेला?"

मला खोटं सुचलं नाही. "डावीकडच्या कुंपणापलीकडे, गवतात."

बाबूने कुंपणाच्या दिशेने मान वळवली. मग हसला. "फसवलंस की लेका, डॉक्टर. लांडग्याची शिकार केलीस."

पुढचे होल आम्ही कसेबसे उरकले. टोपी बाबूला, पहिल्यांदाच. परत निघताना डॉक्टर म्हणाले, मला इकडेच एका पेशंटकडे जायचंय. रविवारी, मैदानाशेजारी, दाताचा पेशंट! हेडबाई म्हणाल्या, मला चालायला सांगितलंय. केवढं ते लांब अंतर. दोघे रुसले होते हे उघड होतं. साध्या थट्टेवरून मोठी माणसं अशी रुसतात. मी एकटाच बाबूच्या शेजारी बसलो. पिवळी टोपी घालून तो इतका सावकाश चालवत होता की एक बाई मुलाची ढकलगाडी घेऊन आमच्या पुढे गेली.

दारात उतरताना तो म्हणाला, "दाजी, ताईला काय काय सांगता हो तुम्ही?"

"सगळं," मी म्हणालो. "मला कुठं काही गाळता येतं?"

"तेही खरंच," तो म्हणाला.

२७ मार्च, बुधवार

दोन दिवस वही उघडावीशी वाटली नाही. आज लिहितो.

रविवारची हकीकत ही हातातलं काम सोडून ऐकत बसली होती. सोमवारी बाबूकडे जाऊन आली, काल पुन्हा जाऊन आली. आज दुपारी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"त्याला दिसत नाही. समोरचं दिसत नाही. कडेकडेचं थोडं दिसतं, म्हणून मान तिरकी करतो. सहा-आठ महिने झाले. मला तुमच्या त्या कुंडीच्या दिवशी शंका आली. परवा त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला, तर हात कपाच्या शेजारी गेला."

मी खिडकीकडे पाहत राहिलो. आयुष्यभर अपघातांच्या दाव्यांचे कागद वाचले. ते वाचून वाचूनच मी स्वतः गाडी चालवायची सोडली, परवाना मात्र सवयीने नवा करत राहिलो. आणि हा माणूस कुंडीला वाट देतो तेव्हा मी टाळ्या पिटल्या. ती कुंडी नसून एखादी बाईच असती, आणि ती थांबली नसती, तर? दुधाच्या गाडीमागचा तो शहाणपणा, ती मागून घेतलेली वर्णनं. मला वाटलं होतं, त्याला माझी कविता आवडते.

"तू बोललीस त्याच्याशी?"

"डोळ्यांवर हात ठेवला तर म्हणाला, ताई, जागरण झालंय. त्याला माहीत आहे मला कळलंय, मला माहीत आहे त्याला कळलंय. पण मी 'किल्ली दे' म्हटलं ना, तर देईल आणि दार लावून घेईल. मैदान नाही, तुम्ही नाही, मी नाही. त्या दोन खोल्यांत खालचं बंद गॅरेज ऐकत बसेल. पाहिलंय मी, आमच्या वडिलांचं असंच झालं."

"मग?"

"तुमच्या खेळात काहीतरी करा. पुरुषमाणसं एरवी कुठं काय बोलतात? येत्या रविवारी मला त्याची किल्ली हवी. आणि तो पुढच्या रविवारी हवा."

हिने इतकं स्पष्ट काही मागितल्याला फार वर्षं झाली. मी हो म्हणालो. कसं, ते मला माहीत नाही.

३१ मार्च, रविवार

सकाळी सहज बोलल्यासारखं करून मी बाबूला म्हटलं, आज बसने जाऊ, मला खिडकीतून शेतं बघायची आहेत. तो एवढंच म्हणाला, "बरं." बसमध्ये चौघे शाळेच्या सहलीसारखे एका ओळीत बसलो. गाडीची किल्ली मात्र त्याच्या बोटात फिरत होती.

आठ होल होईपर्यंत मला काही सुचलं नाही. हिची मागणी मी डॉक्टरांना आणि हेडबाईंना आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे डॉक्टर मला सारखे कोपराने ढोसत होते. त्यांनाही काही सुचत नव्हतं. नवव्या, शेवटच्या होलला बाबू लांडगा. आमच्यापैकी कुणी काठी काढायच्या आत तो म्हणाला, "एकटा. तिघांविरुद्ध."

"फटके बघितल्याशिवाय?" हेडबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

बाबूने किल्ली काढून चेंडूशेजारी गवतात ठेवली. "आज टोपी नको. टोपीचा कंटाळा आला. मी हरलो तर ही किल्ली दाजींची. मी जिंकलो तर पुन्हा कुणी मला काही विचारायचं नाही. डॉक्टर, तू नाहीस, बाई नाहीत, ताई नाही. आणि कुणी माझी गाडी टाळायची नाही. कबूल?"

"बाबू, असल्या गोष्टींवर आपण खेळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मागच्या रविवारी खेळलास की."

डॉक्टरांची मान खाली गेली. "कबूल," हेडबाई म्हणाल्या, शाळेत शिक्षा सुनावावी तशा. मीही मान हलवली.

मला वाटलं, आता सोपं आहे. आंधळा एकटा, समोर तिघे. पण बाबू असा खेळला की काय सांगू. पहिला फटका नारळ फुटल्यासारखा. "दाजी, कसा गेला?" मी विरुद्ध बाजूचा होतो, तरी सवयीने सांगत गेलो, झाडाच्या डावीकडे, चढ लागायच्या आधी. डॉक्टर कुजबुजले, "कवी, तुम्ही कुणाकडून खेळताय?"  डॉक्टरांचा चेंडू पाण्यात गेला, माझा झुडपात. हेडबाईंनी तेवढी लाज राखली. त्यांच्या पुढे जायला बाबूला हिरवळीवरचा एकच फटका हवा होता. पडला तर तो जिंकला, नाही पडला तर हरला, कारण बरोबरी लांडग्याला चालत नाही. चेंडूपासून होल माझ्या दोन छत्र्या लांब. कुणालाही जमावा असा.

"दाजी," तो म्हणाला, "काठी वाजवता?"

मी होलापाशी गेलो. माझ्या पायाशी होल होता आणि होलाशेजारी साधं, सपाट गवत. तिथे काठी आपटली असती तर काम झालं असतं. हिला शब्द दिला होता. रस्त्यावरची ढकलगाडी डोळ्यांसमोर आली, ती बाई, तिचं मूल. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते आणि डोळ्यांनी गवताकडे खुणावत होते. हेडबाईंनी पाठ फिरवली.

मला नाही जमलं. वृत्तात एक मात्रा चोरली तर गुरुजी पट्टी थांबवत. आणि इथे मिटल्या डोळ्यांनी एक माणूस माझ्याकडे कान लावून उभा होता. माझ्याकडे कुणी इतक्या विश्वासाने कान लावलेला मी पाहिलेला नाही. मी होलाच्या भांड्यात काठी वाजवली. टक. टक. टक.

बाबूने पाय जुळवले, खांदे वळवले. नेम माझ्या काठीच्या टोकावर होता, बरोब्बर. मग तो थोडा थांबला.

"खरं वाजवलंत, दाजी," तो म्हणाला.

"खरं वाजवलं."

"माहीत आहे. भांड्याचा आवाज पोकळ येतो. गवताचा येत नाही."

म्हणजे मी फसवलं असतं तर त्याला कळलं असतं!  आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. जुळवलेले पाय त्याने जागेवरच जरासे हलवले, एखाद्याने बसायला जागा करून द्यावी तसे. फटका मारला. चेंडू होलाच्या बाजूने, एका बुटाच्या अंतराने, अगदी हळू निघून गेला.

 बाबू गवतात बसला, चाचपून किल्ली उचलली आणि माझ्या हातात ठेवली. किल्ली त्याच्या बोटांनी गरम झालेली होती. "क्लच हलका आहे," तो म्हणाला. "घाई करू नका. आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तिचं ऐका, ती सांगते."

हिला सगळं सांगितलं. पाय का हलवले असतील त्याने, ते मी हिला पुन्हा पुन्हा विचारलं. नेम लागलेला होता. मी शपथेवर सांगतो, नेम लागलेला होता. ही किल्लीवरून अंगठा फिरवत बसली होती. डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही खरं वाजवलंत ना? मग झालं तर."

काय झालं तर?

४ एप्रिल, गुरुवार

ही बाबूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. तो तिकडून थेट आमच्याकडे जेवायला आला आणि हिच्या हातच्या मिठाला नावं ठेवत दोनदा वाढून घेतलं.

मी रोज पहाटे गल्लीत गाडी चालवण्याचा सराव करतो आहे. गल्ली संपते आणि मी अजून दुसऱ्यातच असतो. ही गच्चीतून ओरडते, "अहो, कुंडीला आधी जाऊ द्या!"

७ एप्रिल, रविवार

नियम बदलला. डॉक्टरांनीच मांडलं. यापुढे जो कुणी लांडगा होईल त्याने डोळे मिटून निवडायचं. सगळ्यांनी. हेडबाईंनी आज डोळे मिटून डॉक्टरांना घेतलं आणि त्यांचा चेंडू पाण्यात. डॉक्टरांनी मला घेतलं आणि माझा चेंडू जागेवरच. बाबू एकदाही चुकला नाही. "आता खेळ बरोबरीचा झाला," म्हणाला. त्याने आमची अशी काही चामडी सोलली की विचारू नका. टोपी मला.

पण लिहायचं आहे ते सकाळचं. मी त्याच्या दाराशी गाडी घेऊन गेलो. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, आतून तेलाचा वास येत होता. तो हाताने गाडीच्या कडेकडेने चाचपत आला आणि माझ्या शेजारी बसला. त्या जागेवर तो कधी बसला नसावा, पट्टा शोधायला त्याला वेळ लागला. डॉक्टर आणि हेडबाई मागे, श्वास रोखून. हेडबाई म्हणाल्या, "पाठ सरळ करा."

 मनात भुजंगप्रयात धरला. पहिल्या लगागाला क्लच, दुसऱ्याला गियर. गाडी हलली. कोपरा आला, गेला. त्या कुंडीचा चौक आला, गेला. पुढे सरळ रस्ता लागला तसा बाबूने डोळे मिटले, मान मागे टेकली आणि ऐकत राहिला. तो काय ऐकतोय ते मला ऐकू येईना, पण मीही ऐकायला लागलो. इंजिनाचा आवाज चढत चढत एका ठिकाणी आला, जणू ओळ संपत आली आणि पुढची मागते आहे. मी तिसऱ्यातून चौथ्यात टाकली. धक्का लागला नाही. गाडी मांजरासारखी गुरगुरली.

बाबूने डोळे उघडले नाहीत. माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "घेतला!"